पूनमचा डोळा आणि बिनसुई महाराज

बाजाराचा दिवस होता आणि बाजारात माणूस नव्हता. वांगीवाली आपल्या ढिगावर गोणपाट टाकून गेली होती, चपलावाल्याने चपला तशाच उघड्या सोडल्या होत्या. आमचं धामणगाव बढे सारं गावाबाहेरच्या पत्र्याच्या मंडपात कोंबलं गेलं होतं. मंडपाच्या तोंडाशी पूनम उभी होती. डावा डोळा तळहाताने झाकलेला, उजवा रस्त्याला लावलेला. सात महिन्यांपूर्वी याच उजव्या डोळ्याने तिला समोर बसलेल्या माणसाचं नाक कुठे आहे ते कळत नव्हतं.

लांबून एसटी आली.

"वाच माय, वाच!" माइकवरून महाराज गरजले.

"मोताळा," पूनम म्हणाली.

लोकांनी टाळ्या पिटायला हात उचलले, तेवढ्यात मागून एक आवाज आला. "थांबा बे! मोताळ्याच्या रस्त्यावर मोताळ्याचीच गाडी येईन, काय काशीची येईन? बोर्ड तर तिले पाठ आहे. नंबर वाच पोरी!"

हा माझा धाकटा भाऊ, भाऊराव. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. बिनतिकिटाचा प्रवासी तो नुसत्या वासावरून ओळखायचा, त्याला कोण फसवणार! पूनमने डोळा बारीक केला आणि चारही आकडे एकेक करून सांगितले. भाऊराव रस्त्यापर्यंत गेला, चष्मा लावला, पाटी पाहिली आणि दोन्ही हात वर केले.

"बरोबर आहे! चारही बरोबर!"

मग जो जयजयकार उठला, तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. साऱ्यांचं लक्ष पूनमकडे होतं. माझं लक्ष भाऊरावच्या पायांकडे होतं. त्याच्या डाव्या पायातली चप्पल मंडपातच राहिली होती, आणि आपण एका पायाने अनवाणी चालतोय हे त्याला कळलंही नव्हतं.

त्याच दिवशी घरी येऊन त्याने मला सांगितलं, "बाई, माह्या डोक्याचं ऑपरेशन रद्द. म्या सोता तपासून पाह्यलं. मीबी महाराजाकडेच बसतो."

मी सदतीस वर्षं या भागात नर्सबाई होते. लोक अजून मला सिस्टरच म्हणतात. रुख्मिणी हे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय. सुईला घाबरणारी माणसं मला नवी नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा माझी पिशवी वेशीत दिसली की आयाबाया लेकरं ज्वारीच्या कणगीत लपवायच्या. एका आजोबाने मला लस टोचू दिली नाही, पण परत जाताना चहा मात्र दोनदा पाजला. नारू झालेला माणूस पायातून तो जंत काडीला गुंडाळत बसायचा, पण सुई म्हटलं की पळायचा. ते लोक भोळे होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हे आमचे महाराज वेगळे. यांना सांगता भलतंच छान येत होतं.

महाराज कुठले, कोणाला ठाऊक नव्हतं. गोरेपान, गुळगुळीत, माइक हातात आला की अंगात आल्यासारखे. त्यांचं शास्त्र असं: "सुई काय करते? भोक पाडते. भोकातून काय गळते? प्राण गळते. प्राण गळला की जागा रिकामी. अन् रिकाम्या जागेत काय बसते? गाठ!" मग लोकांकडे पाहून हसायचे. "सायन्स आहे माय, सायन्स!"

या हिशेबाने नाक टोचलेल्या आम्हा साऱ्या बायकांच्या नाकात केव्हाच गाठी व्हायला हव्या होत्या. पण हे विचारणार कोण?

महाराजांचं व्रत एकच, सुईचा स्पर्श नको. दवाखान्याची तर नकोच, शिवणाचीही नको. गावातल्या शर्टांची बटणं तुटलेली राहिली. हरभऱ्याच्या वावरात पंजाबरावच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तर तो बिचारा चार दिवस लंगडत हिंडला. काटा काढायला सुई लागते ना! त्याने महाराजांना विचारलंही, "काटाबी सुईच झाला का हो महाराज?" महाराज म्हणाले, "काटा निसर्गाची सुई. ते चालते." म्हणजे काटा घुसलेला चालतो, काढलेला चालत नाही. पंजाबरावने मान डोलावली आणि लंगडत घरी गेला.

लोकांनी नावच ठेवलं, बिनसुई महाराज.

आणि या साऱ्या डोलाऱ्याला एकच खांब होता, पूनम. ती काही खोटारडी नव्हती. तिच्या डोक्यात खरोखरीच गाठ होती, डोळ्याच्या शिरेवर दाबणारी. एमआरआयचा फोटो मी स्वतः पाहिला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. घरचे घाबरले, आज करू उद्या करू म्हणत राहिले आणि तिला महाराजांकडे घेऊन आले. सात महिने तिने व्रत पाळलं. डोळा उघडला. परत फोटो काढला, तर गाठ निम्मी. दोन्ही फोटो मंडपात काचेच्या चौकटीत लावले होते, वर झेंडूच्या माळा.

मी काय बोलणार? डोळा खरा, फोटो खरा. तरी मला झोंबत होतं, कारण भाऊरावच्याही डोक्यात तशीच गाठ निघाली होती. पौषात जेवताना त्याला झटका आला, ताट उडालं, दातखीळ बसली. अकोल्याला नेलं तेव्हा कळलं. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. आता तो रोज सकाळी मंडपात डोक्यावर पाण्याची धार घेत बसायचा, आणि दर आठवड्याला डावा पाय थोडा जास्त ओढायचा. मी बोलले की म्हणायचा, "महाराज म्हणते, पाय जड झाला म्हणजे गाठ खाली उतरून राह्यली."

"खाली उतरून कुठं जाईन रे? अंगठ्यातून बाहेर पडीन का?"

"तू सुईवाली. तुले नाही समजाचं."

असे दोन महिने गेले. शेवटी मी त्याची फाईल पिशवीत घातली आणि एकटीच अकोल्याला गेले.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर महामाया वानखडे आमच्याच जिल्ह्यातल्या, संग्रामपूरच्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी आधी भाऊरावचं सांगितलं, मग रागारागाने पूनमचंही सांगून टाकलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

"मावशी, त्या ताई कोणतं औषध घेत होत्या?"

"काहीच नाही. तिच्या कागदावर तसं लिहिलंय."

"कागदावर कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं? तपासणीच्या वेळी सोबत कोण होतं?"

"सासू."

आता मात्र त्या हसल्या. "सासू शेजारी बसली की आमच्याकडच्या बायका पुष्कळ औषधं घेत नाहीत!"

मग त्यांनी मला समजावलं. मेंदूवर एक अस्तर असतं, गोधडीला असतं तसं. ही गाठ त्या अस्तराची, मेनिन्जिओमा म्हणतात तिला. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. तिच्या पेशींमध्ये बरेचदा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर असतात. "रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा," त्या म्हणाल्या. "हार्मोन ही किल्ली. किल्ली बसत राहिली तर काही गाठी वाढतात. गरोदरपणात वाढलेली गाठ बाळंतपणानंतर लहान झालेली आम्ही पाहिली आहे. आणि तशीच किल्ली एका सुईतूनही मिळते. पाळणा लांबवायची, तीन महिन्यांची. वर्षानुवर्षं घेतलेल्या एखाद्या बाईला अशी गाठ होऊ शकते. फार क्वचित होतं, हजारो बायकांत एखादीला. पण सुई थांबवली की ती गाठ कधी कधी आकसते."

मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि बोटांवर वर्षं मोजली.

कारण सात वर्षांपूर्वी, दुसऱ्या मुलीनंतर, पूनमला त्या सुईसाठी उपकेंद्रात जयमाला सिस्टरकडे पाठवणारी मीच होते. घरच्यांच्या नकळत. तिच्या सासूला, अन्नपूर्णाबाईला नातू हवा होता. पूनम दर तीन महिन्यांनी बाजाराला म्हणून निघायची, सुई घ्यायची, अर्धा किलो मिरची घ्यायची आणि घरी जायची. मला सारं ठाऊक होतं; तरी त्या सुईचा आणि गाठीचा संबंध माझ्या मनात कधी आला नाही. पण गुपित माझं नव्हतं, म्हणून डॉक्टरांपुढे मी गप्प राहिले. एवढंच विचारलं, "आणि माझ्या भावाचं?"

त्यांनी भाऊरावचे फोटो दिव्यासमोर धरले. "याच्या कडा पाहा, खरबडीत. बाजूला सूज. आणि तुम्ही म्हणता, दोन महिन्यांत पाय बिघडला. या गाठींच्या तीन प्रती असतात, ग्रेड म्हणतो आम्ही. पहिली हळूहळू वाढते, दुसरीला घाई असते, तिसरी कोणाचं ऐकत नाही. नक्की प्रत गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. पण ही पहिलीतली वाटत नाही मला. वरच्या प्रतींत ही कुलपंही बहुधा नाहीशी होतात. आणि समजा असली कुलपं, तरी तुमचे भाऊ कोणती किल्ली घेत होते, जी बंद करायची?" त्यांनी फाईल मिटली. "त्यांना लवकर आणा मावशी. अजून दोन महिने नाहीत त्यांच्याकडे."

गावात आले ती थेट पूनमकडे. ती माळवदावर हरभरा पाखडत होती.

"पूनम, व्रत धरल्यापासून जयमालाकडे गेलीस का गं?"

तिने जिन्याकडे पाहिलं. "कशी जाऊ सिस्टरबाई? सुई चालत नाही ना. शेवटची पोळ्याच्या आधीच्या बाजाराले घेतली."

"डॉक्टरले काऊन नाही सांगितलं?"

"त्याईनं औषध इचारलं. ते औषध थोडंच आहे? मले काय आजार होता काय? लेकरू नको होतं, एवढंच. अन् आत्याबाई बाजूलेच होत्या."

तिचं काही चुकलं असं मला वाटेना. आमच्याकडे औषध आजाराचं असतं. बाजारातून मिरचीबरोबर आणलेल्या गोष्टीला कोण औषध म्हणेल?

मी तिला कुलूप-किल्ली सांगितली. तिने सूप मांडीवर ठेवलं. "मंजे मी महाराजानं बरी नाही झाली? सुई सुटली म्हणून झाली?"

"तसंच दिसतं."

"अन् भाऊरावकाका?"

"त्याला सोडायला काहीच नाही. तो नुसता वाट पाहून राह्यला. तू चारचौघांत सांगितलंस तर तो कदाचित तिथून उठेल. पण हे तुझं आहे पूनम. तू नाही म्हणालीस तर माझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

"घरात रामायण होईन."

"होईल."

तिने सुपातले दोन खडे वेचून फेकले. मग म्हणाली, "नंबर तर मीच वाचून दाखवला ना काकाले. माह्याच डोळ्यावर भरोसा ठेवून बसले ते."

पुढच्या बाजाराला मंडप पुन्हा भरला. पूनमला नेहमीसारखं पुढे बोलावलं. महाराजांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "सांग माय, काय बंद केल्यानं तुही गाठ विरघळली?"

"सुई," पूनम म्हणाली.

"जोरानं सांग!"

"सुई! पण कोणती ते सांगतो." तिचा आवाज बारीक होता, पण माइक चांगला होता, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. "लेकरू न होण्याची सुई. सहा वर्षं घेत होतो. माही गाठ त्या सुईनंच वाढली असंन, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणते. ते सुटली, अन् गाठ बसली."

मागच्या ओळीतली माणसं पुढे सरकली. मग बायकांच्या बाजूने अन्नपूर्णाबाई उठल्या. "काय म्हणाली व तू? सहा वर्षं? अन् मी इकडं नवस करून राह्यली!"

"आत्याबाई, घरी बोला. आत्ता काकाचं होऊ द्या."

महाराज कच्चे नव्हते. त्यांनी माइक परत आपल्या तोंडाशी घेतला, चेहरा फुलला. "ऐका! ऐका! मी काय म्हणत होतो? सुईच पापी! डॉक्टरीणबाई आज म्हणते, मी नऊ महिन्यांआधी म्हटलं! कोण मोठा?"

आणि खरं सांगते, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चोराच्या हाती आपणच किल्ली दिली असं झालं.

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले. "महाराज, एक विचारते. पूनमनं सुई बंद केली म्हणून ती बरी झाली. कबूल?"

"कबूल!"

"मग हा माझा भाऊ भाऊराव. यानं कोणती सुई बंद करायची?"

"सगळ्या!"

"भाऊराव, तू कोणती सुई घेत होतास रे?"

भाऊरावने बसल्या जागी पाण्याच्या धारेखालून डोकं बाहेर काढलं. डोक्यावरून पाणी निथळत होतं. विचार करून म्हणाला, "मले? डेपोत पत्रा लागला होता तवा धनुर्वाताची एक घेतली. ब्याण्णव साली."

कोणीतरी फिसकन हसलं.

"तर महाराज, ब्याण्णवची सुई याने आता कशी बंद करायची, तेवढं सांगा."

महाराजांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "श्रद्धा पायजे... मागच्या जन्माची सुई बी असते..."

"बस करा राजेहो!" हा पंजाबराव. चार दिवस लंगडल्याचा राग त्याचा आत्ता बाहेर पडला. "या जन्मीचा काटा काढू देईना, अन् मागच्या जन्मीची सुई शोधून राह्यले!"

आता हशा उसळला, आणि त्या हशाबरोबर महाराजांचं काहीतरी गळून पडलं. ज्याला लोक हसले त्याच्या पाया कोण पडणार? मी मात्र भाऊरावकडे पाहत होते. तो हसत नव्हता. तो पूनमकडे पाहत होता.

"पोरी, नंबर तू खराच वाचला होता ना?"

"खराच, काका."

"हाव. तपासलं म्या. पण तपासलं कायले तेच चुकलं." त्याने उठायचा प्रयत्न केला, डावा पाय दुमडला आणि तो खाली बसला. मग हात पुढे केला. "बाई, धर. मार डबल बेल. गाडी अकोल्याले जाऊ दे."

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. साडेसहा तास. डॉक्टर महामायांनी पुढे तपासणीचा कागद मला वाचून दाखवला. दुसऱ्या प्रतीची गाठ, पेशी घाईने दुणावत होत्या, आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नाहीत. एकही कुलूप नाही. जन्मभर त्याने व्रत पाळलं असतं तरी ही गाठ हलली नसती, फक्त वाढली असती. थोडा भाग नसेला चिकटून मागे राहिला म्हणून नंतर किरणांचे उपचार द्यावे लागले. त्याचा पाय परत येतोय, अजून पुरता आला नाही. दोन महिने आधी नेलं असतं तर कदाचित पुरता आला असता. हे मी त्याला बोलून दाखवत नाही; त्याला ठाऊक आहे.

पूनमची गाठ निम्मी आहे, गेलेली नाही. दर सहा महिन्यांनी फोटो काढून पाहायचं, वाढली तर ऑपरेशन. घरात रामायण झालंच. अन्नपूर्णाबाई आठ दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच तिला जयमालाकडे नेलं आणि हार्मोन नसलेली तांबी बसवून आणली. "नातू नाही तर नाही," म्हणाल्या, "सून तर राहू दे." महाराजांविरुद्ध आम्ही तक्रार दिली, त्यांनी त्याआधीच मंडप गुंडाळला होता. ते कुठेतरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कशाच्या तरी विरोधात बोलत असतील. तुमच्याच गावात आले असतील तर नवल नाही.

म्हणून हे लिहिलं. आणि हे वाचून कोणी बाईने घाबरून तीन महिन्यांची सुई सोडू नये, डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास असेल तर सिस्टरला सांगावं, एवढंच. त्या सुईने मी कितीतरी संसार सावरलेले पाहिले आहेत. सुई पापी नाही आणि देवही नाही.

बरा झालेला माणूस बहुधा खोटं बोलत नाही, त्याचा आनंद खरा असतो. पण आपण कशाने बरे झालो हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. पाहिलेली गोष्ट खरी असली तरी तिचं सांगितलेलं कारण खरं असतंच असं नाही. तेव्हा कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, या माणसाने आणखी काय घेतलं होतं, काय सोडलं होतं? याच मंडपातून बरे न होता गेलेले किती? एकाची गाठ दुसऱ्याच्या गाठीसारखी आहे, हे कोणी तपासलं? विचारल्याने कोणाचा देव रागावत नाही. आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली असेल, तर प्रश्न त्यांनाही मनसोक्त विचारा, शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, पण ती तारीख चुकवू नका.